न फुटलेलं लिंबू

दामूनानांच्या घरात एकाही दाराची कडी धड नव्हती. नळाच्या तोट्या सुतळीने बांधलेल्या, खिडकीची दारं कपड्याच्या चिंधीने अडकवलेली, आणि पंख्याच्या बटणाच्या जागी नुसतं भोक. नानांना कुठलीही गोष्ट हळू सुरू करता येत नसे. दार उघडायचं म्हणजे उपसायचं, नळ सोडायचा म्हणजे पिळायचा. जेवायला बसले तर पहिला घास असा उचलत की शेजारच्याच्या सदऱ्यावर कालवण उडे. "पयल्या हिसक्याला उठला तो उठला, न्हाय तर कंदी उठत न्हाय," असं ते म्हणत. बैल, टेम्पो आणि माणूस या तिघांनाही हा नियम सारखाच लागू होता.

भिवंडीतल्या नारपोलीत मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून मी 'मास्तर'. मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नाना पुढे ते सांगणारच आहेत.

नानांनी हयातभर टेम्पो चालवला. सूत गुंडाळलेले बीम, म्हणजे माणसाच्या मिठीत न मावणारे लोखंडी रूळ, ते टेम्पोत भरून लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांना पोचवायचे. टेम्पोत मावतील त्याहून दोन जास्त बीम भरल्याशिवाय नानांना माल भरल्यासारखं वाटत नसे. मग तो टेम्पो जागचा हलवायचा म्हणजे उजवा पाय तळापर्यंत रोवावा लागे. नाना आधी खिडकीतून डोकं बाहेर काढून "धरा!" असं ओरडत. मागे कोणी असो वा नसो. मग इंजिन किंचाळे, गल्लीतली कोंबडी पळत आणि टेम्पो एकदाचा सुटे. हळूहळू हे "धरा!" त्यांच्या अंगवळणी इतकं पडलं की लग्नात पंगतीला भात वाढतानाही ते "धरा!" म्हणत, आणि लोक खरोखर पत्रावळी धरून बसत.

मानकोलीची वडिलोपार्जित भातशेती गोदामांखाली गेली आणि त्या पैशातून नानांच्या दारात नवी कोरी गाडी आली. चांगली ताकदवान, पांढरी, गुळगुळीत. टेम्पो भंगारात गेला, पण त्यातला उजवा पाय नानांबरोबर नव्या गाडीत आला.

पूजेच्या दिवशी अख्खी गल्ली जमली. पूजा बामाकाकींनी केली. काकी म्हणजे नानांच्या बायको, अंगाने काटकुळ्या, आवाजाने लूमवर मात करणाऱ्या. त्यांनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली स्वतःच्या हाताने एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढे जायची, चारी लिंबं फुटायची, इडापिडा टळायची, असा तो साधा कार्यक्रम. काकी ताट घेऊन गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. नानांनी बाह्या सारल्या, खिडकीतून डोकं काढलं, "धरा!" म्हणाले, आणि टेम्पोतला तो पाय खाली रोवला.

पुढे जे झालं त्याचं वर्णन गल्लीत अजून वेगवेगळं करतात. मी पाहिलं ते असं. गाडी पुढे गेली नाही. तिची पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, धूर निघाला आणि सगळी गाडी बोनेटपासून मागच्या काचेपर्यंत थडथड थडथड उडायला लागली. अंगात आल्यासारखी. आरशाला बांधलेला हार तुटून पडला. पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू बंदुकीतून सुटावं तसं मागे सुटलं, गाडीच्या पोटाखालून थेट काकींच्या पायाशी आलं आणि थांबलं. त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता.

काकींनी लिंबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "परत पाठवलान्," त्या म्हणाल्या. "मी ठेवलेला लिंबू परत पाठवलान् हिनं. मी हिच्यात बसनार न्हाय."

एवढंच असतं तर नानांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण काकींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. चहात साखर समजून मीठ पडत होतं. एकदा त्यांनी दारात उभ्या असलेल्या वीजमंडळाच्या माणसाला भाऊ समजून जेवायला बसवलं होतं, आणि तो बिचारा जेवून गेला होता. ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. काकी आज जाऊ, उद्या जाऊ करत होत्या. पूजेच्या दिवशी त्यांना पक्कं कारण मिळालं.

"ज्या दिवशी ही गाडी न थरथरता सुटंल," त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "त्या दिवशी मी ठान्याला येन."

"मग रिक्षानं चल," नाना म्हणाले.

"दारात गाडी असून रिक्षानं? लोकं काय म्हनतील?"

म्हणजे गाडीत बसायचं नाही, कारण ती थरथरते, आणि रिक्षात बसायचं नाही, कारण दारात गाडी आहे. मी तर्कशास्त्रही थोडंफार वाचलेलं आहे, पण इतका चिरेबंदी युक्तिवाद मला पुस्तकात भेटला नाही.

नानांनी गाडी निजामपुऱ्यातल्या सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. सलीमभाई देहाने भरभक्कम, कपाळावर कायम ग्रीसचा टिळा. त्यांनी इंजिनाखालचे रबर बदलले, टायर बदलले, चाकं काढून पुन्हा बसवली. दरवेळी स्वतः चालवून बघायचे तेव्हा गाडी लोण्यासारखी सुटायची. नाना बसले की थडथड थडथड.

"नाना, गाडी में कुछ फॉल्ट नही हाय," सलीमभाई म्हणाले. "तुम्ही जरा पाव हलका ठेवा ना."

"पाय हलका ठिऊन गाडी सुटती काय?" नानांनी विचारलं. आयुष्यभर ज्याने बीम ओढले त्याला हे म्हणजे नांगर न धरता नांगरा म्हटल्यासारखं होतं. त्यांनी स्वतःच निदान केलं. गाडी रिकामी आहे, म्हणून उडते. टेम्पो कधी उडाला का? नाही. का नाही उडाला? कारण मागे लोड होता.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या डिकीत दोन वाळूची पोती, पाटा-वरवंटा आणि बंद पडलेल्या लूमचे लोखंडी भाग जमा झाले. गाडीचं ढुंगण टेकलं, नाक आभाळाकडे गेलं. दिवे थेट समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडत होते, आणि तिथल्या बाई खिडकीतून नानांना नको नको ते बोलत होत्या. नाना "धरा!" म्हणाले. गाडी आता पूर्वीपेक्षा दुप्पट थरथरली. पुढची चाकं भुई सोडतात की काय असं वाटलं. पाटा डिकीतल्या डिकीत फुटला.

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाना, टेम्पोची ताकद मागच्या चाकांना असते, हिची पुढच्या चाकांना आहे. जोरात सोडली की गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी पडतात. मग ती रस्ता सोडतात, पुन्हा पकडतात, पुन्हा सोडतात. हीच ती थरथर. तुम्ही मागे वजन टाकून पुढचं आणखी हलकं करताय."

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, तुमाना गाडी चालवता येते?"

"नाही."

"हां," नाना म्हणाले, आणि विषय संपला असं मला वाटलं. पण संध्याकाळी ते जिना चढून वर आले. दार त्यांच्या हातात आलं ते बाजूला ठेवून म्हणाले, "म्हंजी वजन पुढं पायजे?"

"हो, पण—"

"मग चला."

माझ्या 'पण'च्या पुढे काय होतं ते आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. एका दिव्यावर नानांनी बोलावून आणलेले सलीमभाई आणि दुसऱ्या दिव्यावर मी, असे आम्ही बोनेटवर बसलो. मी का बसलो, असं तुम्ही विचाराल. नानांनी हाताला धरून उचलल्यावर माणूस बसतो, एवढंच मी सांगू शकतो. "धरा!" असा आवाज आला, तेव्हा धरायला काहीच नव्हतं म्हणून आम्ही एकमेकांना धरलं. आणि गाडी सुटली. थरथरली, पण थोडी कमी. भौतिकशास्त्र खरं ठरलं, पण त्या क्षणी मला त्याचा आनंद घेता आला नाही.

यश आल्यामुळे नाना थांबेनात. नारपोलीतून आम्ही तसेच अंजूरफाट्यापर्यंत गेलो. लोकांना वाटलं प्रचार आहे. काहींनी हात जोडले, सलीमभाईंनीही उलट हात जोडले. एका चहावाल्याने तर "काम करा हां निवडून आल्यावर" असं बजावलं. फाट्यावर वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली.

"हे काय आहे?"

"वजन हाय सायेब," नाना म्हणाले.

"वजन?"

"पुढून हलकी व्हते ना. ह्यो मास्तर हाय, त्याना सगलं म्हाईत हाय."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. बोनेटवर बसलेल्या माणसाला नेमकं कुठलं कलम लावायचं याचा तो बराच वेळ विचार करत होता. शेवटी त्याला सापडलं. त्याने मला विचारलं, "हेल्मेट कुठाय?"

परत आलो तेव्हा काकी दारात उभ्या होत्या. त्यांना आम्ही धड दिसतही नसू, दोन ढग दिसले असतील. "आता ठान्याला जाताना ह्ये दोघं पुढं बसनार काय?" त्यांनी विचारलं. "माझ्या ऑपरेशनला?" आणि आत गेल्या.

नाना पायरीवर बसले. मला वाटलं होतं चिडतील, पण चिडले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "काल ती मना बोलली, तुमचं त्वांड आता मना मधून मधूनच दिसतंय." लूमचा आवाज येत होता, आणि पहिल्यांदाच नाना त्याच्यापेक्षा हळू आवाजात बोलले होते. तोवर मी त्या सगळ्या प्रकाराला तमाशा समजत होतो. या माणसाला गाडीचं काही पडलेलं नाही, याला फक्त बायकोला ठाण्याला न्यायचंय, हे मला त्या पायरीवर कळलं. आणि काकींना गाडीची भीती नाही, डोळ्यात घुसणाऱ्या सुरीची आहे, हेही. ते नानांना मी सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊक असावं.

तोडगा काकींनीच काढला. म्हणजे त्यांना तो तोडगा वाटत नव्हता, पळवाट वाटत होती. एके सकाळी त्यांनी डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी कापडाची छोटी चुंबळ वळली, तिच्यावर ताजं लिंबू ठेवलं आणि नानांच्या हातात दिलं. "ह्ये तुमच्या त्या पायाखाली ठेवा. दाबायच्या पट्टीखाली. लिंबू न फोडता गाडी सोडून दावा, मी येते. फुटला तर ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाय."

नानांच्या पायाखाली लिंबू शाबूत राहणं म्हणजे रोडरोलरखाली पापड शाबूत राहणं. पण त्यांनी घेतलं.

बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत नानांचा सराव सुरू झाला. पहिलं लिंबू "धरा!"बरोबरच गेलं. मग त्यांनी "धरा" म्हणणं सोडलं. चप्पल सोडली. अनवाणी पाय, डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. लिंबावर लिंबं फुटत होती. भाजीवाला विचारायचा, नाना घरात कोणाला उलट्या होतायत का. गाडीला आतून असा वास यायला लागला की सलीमभाई म्हणाले, "ये गाडी नही, लोनचं हाय." घरातले नळ मात्र त्या दिवसांत पिळले जाईनात. एकदा नाना माझ्याकडे आले ते दारावर टकटक करून. मी घाबरून विचारलं, बरं आहे ना?

आणि एका रविवारी गल्ली पुन्हा जमली. गाडी फाटकातून निघाली. मुंगी साखरेच्या डब्यावरून जावी तशी ती कोपऱ्यापर्यंत गेली. नानांनी वाकून लिंबू काढलं आणि वर धरलं. अख्खं. लोकांनी टाळ्या पिटल्या, सलीमभाईंनी मला मिठी मारली. काकींचा चेहरा मात्र पडला. लिंबू त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते चाचपून चाचपून पाहिलं, कुठे एखादी चीर सापडते का म्हणून.

ऑपरेशनच्या सकाळी काकी पुढच्या सीटवर बसल्या, मी मागे. मला नेलं होतं ते डॉक्टरांशी बोलायला. नव्या लुगड्यात काकी एवढ्याशा दिसत होत्या. बसतानाच त्यांनी बजावलं, "लिंबू फुटला की मी उतरनार. जिथं आसन तिथं." नानांनी चप्पल काढली आणि पट्टीखालची चुंबळ नीट केली. गाडी निघाली. सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. बोरं विकणारी एक बाई बराच वेळ आमच्या बरोबरीने चालत होती, मग कंटाळून पुढे निघून गेली.

मानकोलीच्या पुलाच्या चढावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या होत्या, आणि आम्ही बरोबर चढाच्या मध्यावर थांबलो. पुढची रांग हलली. नानांनी पाय लिंबाला टेकेपर्यंत नेला. इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सुरू केली ती नुसती गुरगुरत जागेवरच राहिली. चढाला थोडा जोर लागणारच, आणि जोराच्या आड लिंबू. मागचे ट्रक बोंबलायला लागले.

"अख्खा हाय ना लिंबू?" काकींनी विचारलं. "मग गाडीच जात न्हाय वरती, त्याला कोन काय करनार? चला, घरी जाऊ."

एका ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. "क्या हुआ चाचा? बंद पडी क्या?"

"बंद न्हाय," नाना म्हणाले. "चालू हाय."

"तो दबाव ना!"

"दाबायची न्हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पायाखाली लिंबू आहे." यावर त्याने आणखी काही विचारलं नाही. भिवंडीत माणसं रोज इतकं काय काय बघतात की एका लिंबाने ती थांबत नाहीत. त्याने हाक मारली, चार ट्रकांमधली माणसं उतरली, आणि इंजिन चालू असलेली, नवी कोरी, तगडी गाडी त्यांनी "जोर लगाके" म्हणत चढावरून ढकलायला घेतली. मीही उतरून ढकलू लागलो. उघड्या खिडकीतून मला दोघं दिसत होती. नाना समोर बघत, मान ताठ. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

पुलाच्या माथ्यावर गाडी थांबली. माणसं हात झटकत परत गेली, मी मागे येऊन बसलो. तेवढ्यात काकींनी हात चाचपत बाजूला नेला. बहुधा धरायला काही शोधत असतील, पण हात डावी मांडी ओलांडून नानांच्या उजव्या मांडीवर पडला. आणि तिथेच राहिला.

"गाडी तर थांबलीय," त्या म्हणाल्या.

"हां."

"मग ह्ये काय थरथरतंय?"

नारपोलीपासून त्यांनी तो पाय अधांतरी धरून ठेवला होता. आयुष्यभर तळाला रोवायची सवय असलेला पाय. तो आता मांडीपासून टाचेपर्यंत थडथडत होता, थेट त्या गाडीसारखा. काकींनी तो वरून खालपर्यंत चाचपला. त्यांना दिसत नव्हतं, पण तेवढं कळायला दिसावं लागत नाही.

"दाबा," त्या म्हणाल्या.

"लिंबू फुटंल."

"फुटू द्या. मी उतरनार न्हाय."

"थरथरंल ती."

"थरथरू द्या! मना डॉक्टरकडं उशीर होतोय." मग त्यांनी एका हाताने वरची कडी धरली, दुसऱ्या हाताने नानांचा दंड, आणि डोकं खिडकीतून बाहेर काढून सगळ्या मानकोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "धराऽऽ!"

लिंबाचा फटाका झाला. रस नानांच्या धोतरावर, काकींच्या लुगड्यावर, माझ्या चष्म्यावर. चाकं किंचाळली, गाडी थडथडली, माझे दात वाजले, आणि आम्ही सुटलो. "झाली एकदाची पूजा पुरी," काकी म्हणाल्या. त्या हसत होत्या. नाना रडत होते की लिंबू डोळ्यात गेलं होतं, ते मी विचारलं नाही.

दोन्ही डोळे यथावकाश झाले. दुसरी पट्टी निघाल्यावर घरी जायला बाहेर आलो, तेव्हा काकी गाडीसमोर थबकल्या. तिच्याभोवती फिरल्या. "ही पांढरी हाय?" त्यांनी विचारलं. "मना आतापर्यंत हलदीसारखी पिवली दिसत व्हती. मी म्हनायची, ह्या मानसाला येवढे रंग सोडून ह्योच भेटला?" मग त्यांनी नानांकडे बघितलं, बराच वेळ, पहिल्यांदाच बघावं तसं. "तुमी म्हातारं झालाव की वो," असं म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढे माझी कल्याणच्या कॉलेजात बदली झाली आणि नारपोली सुटली. नानांना मी शेवटचं पाहिलं ते अंजूरफाट्याच्या सिग्नलला, रस्ता ओलांडायला उभा असताना. दिवा हिरवा झाला आणि कुठेतरी चाकं किंचाळली, धूर निघाला, आजूबाजूचे रिक्षावाले शिव्या घालायला लागले. बघतो तर ती पांढरी गाडी, जागच्या जागी थडथडतेय. आत नाना, बाह्या सारलेल्या. शेजारी काकी, काळा चष्मा लावलेला, एक हात कडीला, एक हात नानांच्या दंडाला. इतक्या गर्दीत, इतक्या लांबून काकींनी मला ओळखलं. खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन त्या ओरडल्या,

"मास्तर, या की! बोनेट मोकलाच हाय!"